एका रिकाम्या फोल्डरपायी

आमच्या दाजींइतका रागीट माणूस ठाणे आणि रायगड हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो एव्हाना रक्तदाबाने अंथरुणाला खिळलेला असेल. दाजींचं तसं नाही. काही माणसांना तूप मानवतं तसा दाजींना राग मानवतो. पन्नाशी उलटली तरी केस काळे, दात शाबूत, चार जिने चढून आले तरी धाप नाही. डॉक्टरांनी एकदा कौतुकाने रहस्य विचारलं, तेव्हा ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मामेबहीण, शांतपणे म्हणाली, "ते आत काही साठवत नाहीत हो. सगळं आमच्यावर काढतात." मूळ गाव कराडकडचं, राहणं खांदेश्वरला आणि नोकरी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटर सांभाळण्याची. इतर रागीट माणसांना कशाचाही राग येतो. दूध नासलं, लाईट गेली, रिक्षावाल्याने नाही म्हटलं. दाजींचा राग मात्र एकनिष्ठ. तात्पुरती म्हणून ठेवलेली वस्तू काम झाल्यावरही जागची हलत नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचा राग होता; आणि ती गोष्ट त्यांना जिथे तिथे दिसत असे.

नवी मुंबईत राहून हा राग बाळगणं म्हणजे खाडीकाठी राहून पाण्याचा राग धरण्यासारखं आहे. इथे तात्पुरते पत्रे आहेत, तात्पुरती वळणं आहेत, तात्पुरते बसथांबे आहेत आणि त्यांच्या सावलीत म्हातारी झालेली माणसं आहेत. आमच्या रस्त्यावर कुठल्याशा कंत्राटदाराने खड्डा खणून 'तात्पुरत्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' अशी पाटी लावली होती. पाटी गंजली. मग एक दिवस माणूस आला, खड्ड्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही आणि पाटीला रंगाचा दुसरा हात देऊन गेला. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "दिलगिरी रंगवायला ह्यांच्याकडं माणूस आहे, खड्डा बुजवायला नाही!" खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही जेवलो नसतो, पण आमच्याकडे राग आला तरी जेवायची पद्धत आहे.

त्यांच्या सोसायटीत सेक्रेटरी पोटे यांनी पार्किंगमध्ये एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. गाडी बाहेर गेली की जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. पुढे पोट्यांनी गाडी विकली. खुर्ची राहिली. पावसात भिजली, उन्हात तडकली, पण येणारा प्रत्येक जण ती बघून गाडी वळवून बाहेर नेत असे, कारण खुर्ची आहे म्हणजे कुणीतरी आहे. दाजींनी एका रविवारी पोट्यांना जिन्यातच धरलं.

"पोटे, गाडी कुठंय?"

"विकली ना. तुम्हाला पेढे दिले होते."

"मग खुर्ची?"

"ती जागा धरायला."

"कुणासाठी?"

"घेईन की हो नवी. कधीतरी."

"मग खुर्चीपण कधीतरीच ठेवा," असं म्हणून दाजींनी ती खुर्ची उचलली आणि पोट्यांच्या दारासमोर नेऊन ठेवली. पोटे दोन्ही वेळा तिला अडखळून पडले, जाताना आणि येताना. सर्वसाधारण सभेत निषेधाचा ठराव झाला. दाजींनी ठरावाला अनुमोदन दिलं, कारण ठराव मांडून संपतो, खुर्चीसारखा बसून राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

घरात हा छळ रोजचा. फ्रिज दर रविवारी रिकामा. रात्रीची भाजी सकाळी दिसली तर ती भाजी नसून पुरावा. एकदा ताईने मटकी भिजवून, फडक्यात बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली होती. दाजींनी ती ओल्या कचऱ्यात टाकली. "अहो, मोड यायला ठेवली होती ती!" ताई किंचाळली. "मग तसं लिहून ठेवायचं," दाजी म्हणाले, "लिहिलेलं नाही ते तात्पुरतं." तेव्हापासून त्या घरात मटकीच्या गाठोड्यावर चिठ्ठी असते. दाजींचा एक पुतण्या बेलापूरला मुलाखतीसाठी म्हणून 'दोनच दिवस' राहायला आला आणि रुळला. दाजी त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी त्याची गादी गुंडाळायची, कपडे घडी करून बॅगेत भरायचे आणि बॅग दाराशी ठेवायची. "राहा की लेका, घर तुझंच हाय. फक्त रोज नव्यानं मांड." पुतण्याने आठवडाभर मांडून पाहिलं आणि बोनकोड्यात खोली घेतली. तो आजही दाजींना मानतो, पण राहायला येत नाही.

हे सगळं आलं ते त्यांच्या धंद्यातून. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, तरी दाजींनी इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने सांगितलं आहे की आता झोपेतही सांगू शकेन. मोठ्या यंत्राच्या पोटात म्हणे एक खोली असते, त्यांच्या भाषेत फोल्डर. एखादा प्रोग्राम सुरू झाला की त्या खोलीत आपला कोपरा, म्हणजे फोल्डरातलं फोल्डर, धरतो आणि तिथे एक चिठ्ठी ठेवतो: मी आहे, मी चालू आहे. त्याच कामाला दुसरा कुणी आला तर चिठ्ठी वाचून परत जातो. काम संपलं की जाताना आपली चिठ्ठी उचलायची. आणि यंत्रच बंद करून पुन्हा सुरू केलं, तर सगळी खोली झाडून स्वच्छ, नुसत्या चार भिंती. कारण बंद पडलेल्या यंत्रात चालू असं कुणीच नसतं, मग चिठ्ठ्या कुणाच्या? "जिवंत माणसाची चिठ्ठी जिवंत असेतोवर," दाजी सांगत. "मेल्यावर ठेवली की तिची पोट्याची खुर्ची होते."

आता त्यांच्या यार्डातली रीत ऐका. कंटेनरचं काम दिवसरात्र चालतं, म्हणून गेटचं यंत्र वर्षभर बंद होत नाही. बंद होतं ते फक्त दसऱ्याला. त्या दिवशी क्रेन धुतात, ट्रक धुतात, फोर्कलिफ्टला झेंडूच्या माळा घालतात आणि कॉम्प्युटरच्या खोलीतल्या यंत्रालाही विश्रांती देऊन, हळदकुंकू वाहून, नारळ फोडून पुन्हा सुरू करतात. ही रीत यार्डाच्या मालकांनी, मोठ्या शेठनी पाडलेली. मोठे शेठ होते तोवर पूजा म्हणजे भटजी, दाजी आणि पेढ्यांचा एक पुडा एवढीच असे. दाजी यंत्र रीतसर बंद करत, झेंडूची एकही पाकळी पंख्यात जाणार नाही अशा बेताने हार घालू देत, आणि पुन्हा चालू करत. देव मानत नव्हते, पण वर्षातून एकदा खोली झाडली जाते म्हणून दसरा मानत होते.

मोठे शेठ थकले आणि त्यांचे चिरंजीव, छोटे शेठ आले. परदेशात शिकलेले. छोट्या शेठना उद्घाटनं आवडत. सत्ता हाती आलेल्या माणसाला चालू असलेली वस्तू पुन्हा चालू करण्याची फार हौस असते. आधी त्यांनी चालू असलेल्या कॅन्टीनचं उद्घाटन केलं, मग चालू असलेल्या वजनकाट्याचं, आणि मग बाहेरच्या एका कंपनीकडून गेटसाठी नवा प्रोग्राम लिहून घेतला, त्याला 'अखंड' असं नाव दिलं. तो बसवला गेला उन्हाळ्यात. उद्घाटन ठेवलं दसऱ्याला. मला दाजींनी बोलावलं म्हणून मी गेलो होतो. मांडव, समई, ड्रोन, सूत्रसंचालन करणारी बाई, आणि 'अखंड सेवेचं अखंड व्रत' अशी कमान. एक ट्रक नवरदेवासारखा सजवून गेटपाशी उभा केला होता. यंत्र सुरू होताच गेट उघडणार, ट्रक बाहेर पडणार, ड्रोन वरून टिपणार. दाजींनी यंत्र बंद केलं. पूजा झाली. दाजींनी यंत्र चालू केलं. गेट उघडलं नाही. सूत्रसंचालिका म्हणाली, "आता काही क्षणांतच." मग पुन्हा म्हणाली. मग तिने अखंडतेवर कविता म्हटली. ट्रकमधला ड्रायव्हर फेटा काढून वारा घेऊ लागला.

झालं होतं इतकंच, की प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी खोलीतला आपला कोपरा एकदाच, बसवताना, चटई अंथरून मांडून ठेवला होता. वर्षभर यंत्र बंद होणार नाही, मग बघू कधीतरी, असा हिशोब. यंत्र बंद झालं, खोली झाडली गेली, कोपरा गेला. प्रोग्राम उठला, बघतो तर आपली चटई नाही, म्हणून रुसून बसला. दाजींनी हाताने चटई अंथरली आणि गेट उघडलं. पण मुहूर्त टळला होता आणि ड्रोनची बॅटरी संपली होती.

दुसऱ्या दिवशी बैठक. मी तिथे नव्हतो, पण दाजींनी ती मला इतक्या वेळा करून दाखवली आहे की मला खुर्च्यासुद्धा ठाऊक आहेत. प्रोग्रामवाल्यांचा, गळ्यात पट्टा अडकवलेला प्रतिनिधी म्हणाला, आमचा प्रोग्राम उत्तम आहे, तुमच्या माणसाने आमचं फोल्डर पुसलं. छोटे शेठ म्हणाले, "काका, सिंपल आहे. ते फोल्डर पुसायचंच नाही. परमनंट करून टाका." दाजींनी समजावलं. शेठ म्हणाले, "काका, कस्टमरला अखंड म्हणून विकलंय, आणि आपणच झाडू मारायचा?" दाजींनी पुन्हा समजावलं, अर्थात त्यांच्या पद्धतीने, त्यामुळे बाहेरच्या रिसेप्शनिस्टलाही समजलं. शेवटी शेठनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली: एकतर फोल्डर कायमचं करा, नाहीतर तुम्ही कायमचे घरी बसा.

ताईचा मला फोन आला. "अरे, तू तरी सांग त्यांना. ह्या वयात दुसरी नोकरी कोण देणार? एका रिकाम्या फोल्डरपायी, अरे, रिकाम्या! काही असतं तरी समजले असते मी."

मी गेलो. दाजी गॅलरीत बसून वर्तमानपत्राची जुनी रद्दी रागाने बांधत होते.

"दाजी, एक फोल्डर राहिलं तर काय आभाळ कोसळतंय का?"

"आभाळ नाही कोसळत. गेट बंद पडतं."

"पण गेट तर ते नव्हतं म्हणून बंद पडलं!"

"नव्हतं म्हणून पडलं, ते सगळ्यांनी बघितलं. लगेच. ड्रोननंसुद्धा बघितलं. उघडी चूक होती, मी उघड्यावर दुरुस्त केली. राहू दिलं ना पाव्हणं, तर चूक दिसणारच नाही. आत बसून राहील. आणि एखाद्या दिवशी यंत्र धाडकन बंद पडलं, की मेलेल्या प्रोग्रामची चिठ्ठी तिथंच राहणार. नवा उठणार, चिठ्ठी वाचणार, म्हणणार, अरे, मी तर आधीच चालू आहे. आणि बसून राहणार. स्वतःच्याच चिठ्ठीला घाबरून!"

"मग त्या लोकांना सांगा, सुरू होताना आपली चटई आपण अंथरा म्हणून."

"सांगितलं. एक ओळ लिहायची आहे. लिहीत नाहीत."

"तर तुम्ही लिहा."

दाजींनी सुतळी खाली ठेवली. "मी लिहिलीय. त्याच रात्री. यंत्र सुरू झालं की आधी चटई अंथरते, मग प्रोग्रामला उठवते. चालतंय. शेठना दाखवली. म्हणाले, नको काका, दरवेळी मांडामांड कशाला, ऐकायला बरं वाटत नाही."

यावर मला राग आला, आणि तो नक्की कुणावर काढावा ते कळेना. प्रोग्रामवाल्यांवर, ज्यांना आपली चटई अंथरता येत नव्हती आणि तरी गळ्यात पट्टा होता. शेठवर, ज्याला दुरुस्त झालेली गोष्ट नको होती कारण ती कमानीवर शोभत नव्हती. या सबंध वसाहतीवर, जिथे जो तो आपली खुर्ची ठेवून निघून जातो आणि उचलणाऱ्याला सभेत उभं करतात. आणि सगळ्यांत जास्त दाजींवर. माणसाने बरोबर असावं, पण इतकं गैरसोयीचं बरोबर असू नये. मी त्यांना म्हणालो, "दाजी, तुमचं तत्त्व पटतं मला. पण तत्त्वाला घर चालवावं लागत नाही, ताईला लागतं." त्यांनी सुतळी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "मी स्वतःच्या हातानं ती घाण ठेवून आलो, तर उद्या पोट्याला काय तोंड दाखवू?" मी हसलो नाही, कारण ते विनोद करत नव्हते. दाजींनी उभ्या आयुष्यात विनोद केलेला नाही.

महिनाअखेर ते घरी आले. पट्टेवाल्या गृहस्थाने फोल्डर कायमचं केलं.

पुढचं वर्ष ताईने कसं काढलं ते तिलाच माहीत. दाजी दिवसभर घरात, आणि घरात झाडण्यासारखं जे होतं ते पहिल्याच आठवड्यात झाडून झालं. ताई चहाचा कप हातातच धरून बसे; खाली ठेवला की धुवून फडताळात. नोकरीसाठी ते दोन-तीन ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी त्यांना 'तात्पुरत्या स्वरूपात' घेऊ म्हणाले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या ऑफिसची वाट आता ते टाळतात. मात्र यार्डाबद्दल चकार शब्द नाही. सगळ्या जगावर मोठ्याने रागावणारा माणूस एका जागेबद्दल गप्प होता, आणि ताईला त्या गप्प बसण्याचीच धास्ती होती. "ओरडत नाहीत रे," ती मला म्हणायची, "डॉक्टरकडे न्यावं का?"

दसरा आला. मी सोनं द्यायला दुपारी त्यांच्याकडे गेलो. ताई श्रीखंड वाढत होती आणि दाजींचा फोन वाजला. गेटवरचा घरत. जासईचाच माणूस, जन्मभर त्या गेटवर. दाजींनी फोन टेबलावर ठेवून मोठा केला.

"सायेब, गेट चालू होत नाय."

"मग मला कशाला सांगतोस? मी काय गेटवर आहे का?"

"पूजा झाली सायेब. शेटनी सोताच्या हातानं बटन बंद केला, फोटो काढला, परत चालू केला. तवापासना बंद हाय."

"कुठलं बटण?"

"तो मोठा. भितीवरचा."

दाजी उभे राहिले. "भिंतीवरचं? आधी यंत्र बंद नाही केलं? थेट भिंतीवरचं बटण ओढलं?"

"फोटोत तोच बरा दिसतो म्हनाले."

"आणि ते पट्टेवाले?"

"गावाला गेलेत. फोन लागत नाय."

"स्क्रीनवर काय लिहिलंय? वाच."

घरतने एकेक अक्षर लावत वाचलं, "आल...रेडी... रनिंग." मग थांबून म्हणाला, "सायेब, रनिंग कुठं हाय? समदं बंद हाय इथं."

मला वाटलं दाजी हसतील. वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो श्रीखंडासकट ताटात येऊन पडला होता. ते हसले नाहीत. ताईने घाईघाईने खिडक्या लावून घेतल्या, आणि मग दाजींनी शेठ, शेठचा कॅमेरा, पट्टेवाला, त्याचं कॉलेज, कमान रंगवणारा आणि अखंड हा शब्द पहिल्यांदा उच्चारणारा मनुष्य या सर्वांना कराडच्या शुद्ध भाषेत जे सुनावलं ते इथे देता येत नाही. वर्षभराचं एकदम. घरतने ते सगळं अदबीने ऐकून घेतलं.

"झाला का सायेब?"

"झालं."

"मंग सांगा आता. डायवर लोक सकालधरना उनात हात. कोनी जेवला नाय. सनाचा दिस हाय."

दाजी खाली बसले. "ती चिठ्ठी पुसावी लागेल. पण ती कुणीही पुसू शकत नाही. आत जायला यंत्राच्या यादीतलं, अधिकाराचं नाव लागतं."

"तुमचाच टाकून बगा की."

"माझं नाव? वर्ष झालं. कधीच काढलं असेल." तरी त्यांनी आपला लॅपटॉप ओढला, शेठची परवानगी आहे का ते घरतकडून विचारून घेतलं, पलीकडून "काहीही करा, काका!" असा शेठचाच आवाज आला, आणि त्यांनी नाव टाकलं. यंत्राने त्यांना आत घेतलं. जराही न विचारता, कालच घरी गेल्यासारखं.

दाजींचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. राग होता, पण तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं. "वर्ष झालं," ते म्हणाले. "वर्ष झालं मी जाऊन. अजून आत मी आहेच म्हणतंय हे." मग मान झटकून त्यांनी ती मेलेली चिठ्ठी शोधली, पुसली, आणि पलीकडे फोनमध्ये आधी गेटचा खडखडाट आणि मग एकामागून एक हॉर्न ऐकू आले. पन्नास ट्रकवाल्यांनी एकदम आनंद व्यक्त केला की तो शिवीसारखा ऐकू येतो, पण होता आनंदच.

फोनवर छोटे शेठ आले. "थँक यू हं काका! तुम्ही पण ना, ग्रेट आहात. सोमवारपासून परत या. झालं गेलं विसरू या. फक्त ते फोल्डर आहे तसं राहू दे हं, सगळ्या बॅनरवर अखंड छापलंय आता."

दाजींनी ताईकडे पाहिलं. वर्षभर तिने ज्या एका वाक्यासाठी देव पाण्यात घातले होते ते वाक्य टेबलावरच्या फोनमधून आलं होतं. ती श्रीखंडाचा चमचा हातात धरून उभी होती. मला वाटलं आता ती डोळ्यांनी 'हो म्हणा' म्हणेल. ती पुढे आली, फोनजवळ वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "त्यांना म्हणावं, बॅनर पुन्हा छापा."

"ऐकलंत?" दाजी म्हणाले. "खोली झाडली जाणार असेल तर येतो."

"काका, तुम्ही फार इगोवर घेता," शेठ म्हणाले आणि फोन ठेवला.

ताई स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा जास्त आला, मग नळाचा आला, बराच वेळ. दाजी लॅपटॉपसमोर बसून होते. स्क्रीनवर यार्डात नोंदलेल्या माणसांची नावं होती आणि त्यांत त्यांचं. मी आपट्याची पानं हातात घेऊन तसाच उभा.

"पुसू का?" त्यांनी विचारलं.

या माणसाने आयुष्यात काही पुसण्याआधी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. मटकीला नाही, पोट्यांना नाही, पुतण्याला नाही. मी म्हणालो, "असू द्या हो दाजी. कुणाचं काय जातंय? आजचा दिवस राहू द्या."

"आजचाच दिवस म्हणतात सगळे," ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी आपलं नाव पुसलं. मग, केलेलं काम तपासायची जुनी सवय म्हणून, बाहेर येऊन पुन्हा नाव टाकून पाहिलं. यंत्राने दार उघडलं नाही.

"बरोबर," दाजी म्हणाले.

आणि थोडा वेळ थांबून, मी बघत नाही असं समजून, त्यांनी ते नाव आणखी एकदा टाकून पाहिलं.